घड्याळात ॲप टाकण्याआधी



म्हैसूरला सकाळी कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठानं फेरी मारा, नाहीतर चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढायला लागा. आजोबांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत कितीतरी जणांच्या मनगटावर स्मार्टवॉच दिसेल. कुणाला लेकानं वाढदिवसाला दिलेलं, कुणी ऑनलाइन सेलमध्ये घेतलेलं. अशी घड्याळं घेतलेल्यांचे प्रश्नही साधारण ठरलेले असतात. ‘यात व्हॉट्सॲप कसं टाकायचं?’ ‘माझ्या घड्याळात प्ले स्टोअर दिसतच नाही, असं का?’ आणि ‘रक्तातली साखर दाखवणारं ॲप असतं म्हणे, खरं का?’

आजच्या लेखात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पाहू. पण सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करायला हवी, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

आधी घड्याळाची जात ओळखा

दुकानात सगळ्यांनाच स्मार्टवॉच म्हणतात, पण त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत.

पहिल्या जातीचं घड्याळ म्हणजे मनगटावरचा छोटा संगणकच. त्यात स्वतःची ॲप टाकता येतात, काढता येतात. ॲपल वॉच या जातीचं. गुगलच्या वेअर ओएसवर चालणारी घड्याळंही या जातीची, म्हणजे सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ आणि त्यानंतरची मॉडेल्स, गुगलचं पिक्सेल वॉच वगैरे. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांनाही कनेक्ट आयक्यू नावाचं स्वतःचं ॲपचं दुकान आहे.

दुसऱ्या जातीची घड्याळं आपल्याकडे दोन-तीन हजारांत मिळतात. त्यांत कंपनीनं जे भरून दिलं तेवढंच असतं. पावलं, नाडीचे ठोके, हवामान, फोनवर आलेल्या संदेशाची सूचना, काहींमध्ये ब्लूटूथवरून बोलण्याची सोय. नवं ॲप त्यात टाकता येत नाही. तुम्हाला बदलता येतो तो फक्त घड्याळाचा चेहरा, म्हणजे वेळ दाखवणारं डिझाइन.

ओळखायचं कसं? घड्याळातली ॲपची यादी उघडा. त्यात प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर दिसलं, तर पहिली जात. नसेल, आणि गार्मिनही नसेल, तर बहुतेक दुसरी. खोक्यावर ‘ॲप सपोर्ट’ लिहिलेलं पाहून फसू नका. त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की फोनमध्ये कंपनीचं एक जोडीदार ॲप टाकावं लागतं.

घड्याळ दुसऱ्या जातीचं निघालं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पावलं मोजायला आणि फोन वाजला हे कळायला ते पुरतं, आणि त्याची बॅटरीही पुष्कळदा चार-सहा दिवस टिकते. फक्त ‘युक्ती केली की यात ॲप जातं’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका.

पहिल्या जातीत ॲप टाकायचं कसं

वेअर ओएसच्या घड्याळात दोन वाटा आहेत. घड्याळावरच प्ले स्टोअर उघडा, बोलून किंवा टाइप करून ॲप शोधा आणि इन्स्टॉल दाबा. बारीक पडद्यावर टाइप करणं नकोसं होत असेल तर फोनवरचं प्ले स्टोअर उघडा. ॲपच्या पानावर तुमच्या इतर उपकरणांची नावं दिसतात, त्यात घड्याळ निवडा. त्यासाठी फोन आणि घड्याळ या दोन्हींत गुगलचं एकच खातं असलं पाहिजे. घरातल्या एकाच फोनवर आई आणि मुलगी अशी दोघींची खाती असतील, तर गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

ॲपल वॉचसाठी आयफोनमधलं वॉच नावाचं ॲप उघडा. खाली सरकत गेलात की घड्याळावर टाकता येतील अशा ॲपची यादी मिळते. २०१९ पासून घड्याळातच वेगळं ॲप स्टोअरही आहे. आयफोनवर टाकलेलं ॲप घड्याळातही आपोआप जाऊन बसतं, अशी एक सोय यात आहे. वॉच ॲपच्या जनरल विभागात जाऊन ती बंद करा. नाहीतर महिन्याभरात न मागितलेल्या पाहुण्यांनी घड्याळ भरून जातं.

डाउनलोड करताना घड्याळ वायफायला जोडा आणि चार्जरवर ठेवा. नुसत्या ब्लूटूथवरून ॲप उतरायला बराच वेळ लागतो आणि लोकांना वाटतं घड्याळच अडकलं.

आता व्हॉट्सॲप. वेअर ओएसच्या घड्याळांसाठी ते २०२३ मध्ये आलं, ॲपल वॉचसाठी २०२५ मध्ये. दुसऱ्या जातीच्या घड्याळात मात्र व्हॉट्सॲप नसतं, त्याची सूचना तेवढी दिसते.

मराठी संदेशाचे चौकोन

म्हैसूरच्या दोड्ड गडियारावर, म्हणजे १९२७ साली उभ्या राहिलेल्या रौप्यमहोत्सवी घड्याळाच्या मनोऱ्यावर, आकडे कन्नडमध्ये आहेत. गावातल्या माणसाला वाचता यावं, एवढा साधा विचार त्यात दिसतो. आपल्या मनगटावरच्या स्वस्त घड्याळाकडून ही अपेक्षा मात्र नेहमी पुरी होत नाही. मावशीचा पुण्याहून मराठीत संदेश आला, शेजाऱ्यांचा कन्नडमध्ये आला, की पडद्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, नाहीतर जोडाक्षरं फुटून विखुरतात.

याचं कारण घड्याळात त्या लिपीचा फॉन्टच भरलेला नसतो. कंपनीनं अपडेट दिलं तर तो येतो, बाहेरून ॲप टाकून येत नाही. म्हणून घेण्याआधी दुकानातच घड्याळ फोनला जोडायला सांगा आणि स्वतःला मराठीत एक संदेश पाठवून बघा. ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘श्रद्धा’ हे दोन शब्द नीट दिसले, तर बाकीची जोडाक्षरंही बहुधा दिसतील. आईवडिलांसाठी घड्याळ घेताना ही तपासणी फार मोलाची आहे.

परवानगी मागतंय कोण?

घड्याळाचं जोडीदार ॲप फोनमध्ये टाकलं की परवानग्यांची रांग लागते. आपण घाईत ‘होय, होय’ करत जातो. जरा थांबा आणि प्रत्येक वेळी विचारा, या कामासाठी याला हे खरंच लागतं का?

घड्याळावरून फोन करायचा असेल तर संपर्कयादी लागते, हे पटण्यासारखं आहे. हवामानासाठी आणि चालण्याच्या नकाशासाठी ठिकाण लागतं, तेही ठीक. पण केवळ घड्याळाचा चेहरा बदलणाऱ्या ॲपनं तुमचे एसएमएस, फोटो आणि मायक्रोफोन मागितला तर ते ॲप काढून टाका.

सगळ्यात जपून द्यायची ती सूचना वाचण्याची परवानगी. ती दिली की त्या ॲपला फोनवर येणारी प्रत्येक सूचना दिसू शकते, बँकेच्या ओटीपीसकट. शिवाय बसमध्ये दांडी धरून उभे असताना तोच ओटीपी शेजारच्यालाही मनगटावर वाचता येतो. म्हणून जोडीदार ॲपमध्ये जाऊन कुठल्या ॲपच्या सूचना घड्याळावर याव्यात ते निवडा. फोन कॉल, घरच्यांचे संदेश आणि औषधाची आठवण एवढ्या पुरतात. एसएमएस बंद ठेवला तर उत्तम. पहिल्या जातीच्या घड्याळाला पिनही लावा. घड्याळ हातातून काढलं की ते आपोआप बंद होतं आणि पिनशिवाय उघडत नाही.

आणखी एक धोका. काही घड्याळांच्या खोक्यावरचा क्यूआर कोड प्ले स्टोअरऐवजी कुठल्यातरी अनोळखी पानावर नेतो आणि एपीके फाइल उतरवायला सांगतो. तिथेच थांबा. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये कंपनीचं नाव शोधून, ॲप बनवणाऱ्याचं नाव तपासून मगच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके तर कधीच उघडू नका. वाहनाच्या ई-चलनाच्या नावानं अशाच फाइली पाठवून लोकांची खाती रिकामी केली गेली आहेत.

साखरेचा प्रश्न

हा प्रश्न जिवाशी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. त्वचेला न टोचता, केवळ मनगटावरून रक्तातली साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळावर किंवा ॲपवर विश्वास ठेवू नका. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जाहीर इशारा दिला होता. स्वतःहून साखर मोजणाऱ्या कुठल्याही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं त्यात म्हटलं होतं. चुकीचा आकडा पाहून कुणी इन्सुलिन जास्त घेतलं तर साखर एकदम उतरते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

यात एक फरक लक्षात ठेवा. दंडावर किंवा पोटावर बसवलेला, बारीक सुई आत गेलेला सेन्सर साखर मोजतो आणि त्याचं ॲप तो आकडा घड्याळावर दाखवतं. ही गोष्ट वेगळी. तिथे मोजणारा सेन्सर असतो, घड्याळ ही फक्त पाटी असते.

रक्तदाबाचंही तसंच. सॅमसंगचं रक्तदाबाचं ॲप दंडाला पट्टा बांधणाऱ्या यंत्राशी दर २८ दिवसांनी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे घरातलं यंत्र सुटत नाहीच.

नाडीचे ठोके घड्याळ बऱ्यापैकी मोजतं. मागचा हिरवा प्रकाश त्वचेत जातो आणि रक्ताच्या प्रवाहाप्रमाणे कमी-जास्त परततो, त्यावरून तो हिशेब होतो. पट्टा सैल असला की हा हिशेब चुकतो. चामुंडीच्या सुमारे हजार पायऱ्या चढणार असाल तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, जरा घट्ट बांधा. आणि छातीत दुखलं, दम लागला, तर घड्याळातला आकडा बरा दिसतोय म्हणून पुढची पायरी चढू नका. बसा आणि माणसांना हाक मारा.

ठेवायचं काय, काढायचं काय

फोनवर आपण तासभर रमतो, मनगट मात्र काही सेकंदांसाठीच वर उचलतो. म्हणून जे काम दोन नजरांत होतं, तेच ॲप घड्याळात शोभतं. औषधाची वेळ, टायमर, चालण्याची नोंद, गाणं पुढे ढकलणं, रस्त्याचं पुढचं वळण. बातम्या, खरेदी आणि खेळ फोनवरच राहू द्या.

पंधरा दिवसांत एकदाही न उघडलेलं ॲप काढून टाका. वेअर ओएसमध्ये घड्याळावरच्या प्ले स्टोअरमधून किंवा सेटिंगमधून ते काढता येतं. ॲपल वॉचमध्ये ॲपच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की काढण्याची खूण येते. घड्याळातून काढलेलं ॲप फोनमध्ये राहतं, हे विसरू नका.

आणि पैशाचं पाहा. ‘सात दिवस फुकट’ म्हणून घेतलेला घड्याळाचा चेहरा काढून टाकला तरी त्याची वर्गणी आपोआप थांबत नाही. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या वर्गणी विभागात जाऊन ती रद्द करा. यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादीही एकदा तपासा.

जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना त्याचं ॲपचं दुकान अजून उघडं आहे का, तेही विचारा. पेबल हे एकेकाळी गाजलेलं घड्याळ, पण कंपनी विकली गेली आणि जून २०१८ अखेर तिच्या अधिकृत सेवा बंद झाल्या. घड्याळं चालू होती, दुकान गेलं.

घड्याळ घरातल्या दुसऱ्याला देताना

लेक नवं घेते आणि जुनं बाबांना देते, हे घरोघरी चालतं. देण्याआधी ते आपल्या फोनपासून रीतसर तोडा आणि पूर्ण रीसेट करा. नाहीतर बाबांची पावलं लेकीच्या खात्यात जमा होतात आणि लेकीचे संदेश बाबांच्या मनगटावर वाजतात.

मग बाबांसाठी कुठलंही नवं ॲप टाकण्याआधी संकटकाळी फोन करायचे क्रमांक भरा आणि ते बटण कसं दाबायचं हे त्यांच्याकडून दोनदा करून घ्या. घड्याळात पडल्याचं ओळखण्याची सोय असेल तर ती सुरू करा. घड्याळाला स्वतःचं सिम नसेल तर ही मदत मागायला फोन जवळ लागतो, हेही त्यांना सांगा. फोन घरी ठेवून तळ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

या रविवारी दहा मिनिटं काढा. घरातली सगळी घड्याळं टेबलावर मांडा. कुठलं कुठल्या जातीचं ते ओळखा, नको ती ॲप काढा, परवानग्या आणि संकटकाळचे क्रमांक तपासा. हे काम नातवंडं आणि आजी-आजोबांनी मिळून केलं, तर आणखी छान.