गाळ खाली का बसत नाही?

पावसाळा लागला की माझ्या दवाखान्यात जुलाब-उलट्या आणि कावीळ यांची रांग लागते. गेल्या आठवड्यात मात्र एक आजोबा आले ते नळाच्या पाण्याने भरलेली काचेची बाटली घेऊन. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, परवापासून फळीवर ठेवलीय, हलवलीसुद्धा नाही. तरी रंग चहाचाच. गाळ खाली का बसत नाही?"

वाचकहो, याचे उत्तर कणाच्या मापात आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण एक फूट पाणी पाऊण मिनिटाच्या आत उतरतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या मातीच्या कणाला त्याच एका फुटासाठी दोन दिवसांहून अधिक वेळ लागतो. त्याच्याही दहापट बारीक कणाला सात महिन्यांहून जास्त! शास्त्रात यांना कलिल कण म्हणतात. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. एकत्र येऊन जड होणे त्यांना जमतच नाही.

तुरटी नेमके हेच भांडण मिटवते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा धनभार कणांचा ऋणभार मारतो, आणि पाण्यात जे सायीसारखे मऊ पुंजके तयार होतात त्यांत कण अडकून खाली बसतात. रोगजंतूही साधारण याच मापाचे आणि बहुधा ऋणभाराचेच, त्यामुळे गाळाबरोबर तेही बरेचसे जातात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी घातल्यावर पाणी आधी जोरात आणि मग संथ ढवळतात. जोर कायम ठेवला तर जमलेले पुंजके पुन्हा फुटतात. त्यानंतर गाळ बसवणे, वाळूतून गाळणे आणि शेवटी क्लोरीन.

गाडे अडते ते तुरटीच्या मात्रेवर. कमी पडली तर पाणी गढूळच राहते; फार झाली तर कणांवर उलटा भार चढून ते पुन्हा तरंगू लागतात. म्हणून सहा भांड्यांत तेच पाणी घेऊन वेगवेगळी मात्रा घालून पाहायची असते. याला जार टेस्ट म्हणतात. एका गावच्या केंद्रात मी हे यंत्र पाहिले आहे, कपाटात, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. तुरटीच्या लाद्या तिथला माणूस अंदाजाने टाकत होता. दोष त्याचा नाही, त्याला कुणी शिकवलेच नव्हते. पण वर धो धो पाऊस झाला की नदीचे पाणी काही तासांत बदलते, आणि कालचा अंदाज आज चालत नाही.

"क्लोरीन घालतो ना, मग झाले," असे उत्तर हमखास मिळते. मला ते मुळीच मान्य नाही. गढूळ पाण्यातली घाणच क्लोरीन खाऊन टाकते आणि जंतू मातीच्या कणांआड लपतात. दिल्लीत १९५५ साली नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतून वजीराबादच्या केंद्रापर्यंत पोहोचले. तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवले गेले. विषमज्वराची साथ आली नाही, पण काविळीचे २९ हजारांवर रुग्ण झाले. जंतू आटोक्यात राहिले, विषाणू मात्र सुटले.

आपल्याकडे क्लोरीनचा वास आला की लोक तक्रार घेऊन धावतात, पाणी गढूळ आले की "पावसाळाच आहे" म्हणून गप्प बसतात. हे उलटे व्हायला हवे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. हा आकडा नगरपालिकेने पावसाळ्यात रोज फलकावर लिहावा. खडू आणि फळा, एवढाच खर्च आहे.

तोवर घरी काय करावे? घागरीत तुरटीचा खडा चार-पाच वेढे फिरवा, पाणी थोडा वेळ हळूहळू ढवळा आणि काही तास ठेवून द्या. वरचे निवळ पाणी अलगद दुहेरी फडक्यातून गाळा, तळचा गाळ फेकून द्या. निवळले म्हणजे निर्जंतुक झाले असे नव्हे. पिण्याचे पाणी त्यानंतर खळखळून उकळावेच लागते. आजोबांच्या बाटलीत मी तुरटी फिरवून ठेवली होती. संध्याकाळी ते आले तेव्हा तळाशी बोटभर गाळ होता. बाटली तशीच घेऊन ते नगरपालिकेकडे गेले.