विश्लेषण : घोट्याचे हाड जुळले, तरी दुखणे का संपत नाही?

ओल्या फरशीवर पाय घसरतो, घोटा मुरगळतो. एक्स-रेमध्ये बाहेरच्या हाडाला तिरकी भेग दिसते. एक डॉक्टर सांगतात, प्लास्टर पुरेसे आहे. दुसरे शस्त्रक्रिया सुचवतात. एक्स-रे तोच, मग सल्ले दोन का? कारण अनेकदा निर्णय हाडावर नव्हे, तर एक्स-रेवर न दिसणाऱ्या लिगामेंटवर अवलंबून असतो.

घोट्यात नेमके काय तुटते?

नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, मिळून खोबण तयार करतात. तिच्यात टॅलस हे हाड बसते. ही दोन हाडे खालच्या टोकाशी एकत्र बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या जोडणीला सिंडेस्मोसिस म्हणतात. आतल्या बाजूचे जाड, पंख्यासारखे लिगामेंट म्हणजे डेल्टॉइड. पाय पिळवटला की हाडाबरोबर यांपैकी एखादे किंवा दोन्ही फाटू शकतात. मग खोबण सैल होते आणि टॅलस बाहेर सरकते.

हे सरकणे किती महागात पडते? मृतदेहांच्या घोट्यांवरील १९७६ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात टॅलस बाहेरच्या बाजूला केवळ १ मिलिमीटर सरकल्यावर सांध्यातील पृष्ठभागांचा परस्परसंपर्क सरासरी ४२ टक्क्यांनी घटला. शरीराचा भार मग थोड्याच जागेवर येतो आणि कूर्चा लवकर झिजते.

निदान का चुकते?

सर्वात फसवा प्रकार मेझनोव्ह फ्रॅक्चरचा. यात डेल्टॉइड आणि सिंडेस्मोसिस फाटतात, पण फिब्युला मोडते ती थेट गुडघ्याखाली. फक्त घोट्याचा एक्स-रे काढला तर मोडलेले हाड चित्रातच येत नाही आणि ‘मुरगळले आहे, शेक द्या’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. पोटरीचा वरचा भाग दाबून पाहणे ही काही सेकंदांची, बिनखर्चाची तपासणी; गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते. फिब्युला सिंडेस्मोसिसच्या पातळीवर मोडली असेल, तर सांधा स्थिर आहे की नाही हे साध्या एक्स-रेवरून ठरत नाही. त्यासाठी पायावर भार देऊन किंवा पाय बाहेर वळवून पुन्हा एक्स-रे काढतात. सांधा स्थिर निघाला, तर शस्त्रक्रियेची गरज बहुधा उरत नाही.

स्क्रू की बटण?

हाडाला प्लेट लावल्यानंतर सर्जन फिब्युला हुकने ओढून पाहतात. ती हलली तर सिंडेस्मोसिस बांधावे लागते. जुना मार्ग दोन्ही हाडांतून स्क्रू घालण्याचा. नवा मार्ग दोन धातूच्या बटणांमध्ये ताणलेल्या मजबूत दोऱ्याचा. दोऱ्यामुळे सांध्याची नैसर्गिक हालचाल थोडी टिकते, पण बटणाची किंमत स्क्रूच्या कित्येक पट असते. नॉर्वेतील ९७ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर बटण सरस ठरले. तिथे तुलना हाडांच्या चारही भिंतींतून नेलेल्या एका स्क्रूशी होती. २०२० मध्ये नॉर्वेतूनच आलेल्या दुसऱ्या चाचणीत ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूचे निकाल जवळपास बटणाइतकेच आले. म्हणजे ‘महाग तेच चांगले’ हा दावा सरसकट टिकत नाही.

स्क्रू ठरावीक काळानंतर काढलाच पाहिजे, हा समजही आता मागे पडतो आहे. नेदरलँड्समधील चाचणीत त्रास झाला तरच स्क्रू काढलेल्या रुग्णांची स्थिती, सर्वांचे स्क्रू काढलेल्या गटापेक्षा वाईट नव्हती. एक शस्त्रक्रिया टळते, हा फायदा छोटा नाही.

हाड नीट बसले, हे कसे कळते?

बटण-स्क्रूच्या वादात हा मुद्दा मागे पडतो. २००६ च्या अमेरिकी अभ्यासात सिंडेस्मोसिस बांधलेल्या २५ रुग्णांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा १३ जणांची फिब्युला चुकीच्या जागी बसलेली आढळली. साध्या एक्स-रेवर यातील निम्म्याही लक्षात आल्या नव्हत्या. संख्या लहान, पण इशारा मोठा. चुकीच्या जागी घट्ट बांधलेले हाड हे सैल हाडाइतकेच त्रासदायक ठरू शकते.

डेल्टॉइड शिवायचे का?

प्रत्येक वेळी नाही. फिब्युला जागेवर आल्यावर टॅलसही परतले, तर डेल्टॉइड बहुतेकदा आपोआप भरून येते. टॅलस परतत नसेल, तर फाटलेले लिगामेंट सांध्यात दुमडून अडकल्याची शक्यता असते. अशा वेळी आतली बाजू उघडून ते बाहेर काढावेच लागते. शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास सांधा अस्थिर असल्याचे कशावरून ठरले, सिंडेस्मोसिस कशाने बांधणार आणि ते जागेवर बसले याची खात्री सीटी स्कॅनने होणार का, हे तीन प्रश्न रुग्णाने आधीच विचारायला हरकत नाही.