वाळवंटांतील तीन दिवसांचा बेत

वडील माणसांनीं प्रवासाचा बेत करावा तो काशीचा किंवा रामेश्वराचा, आणि गुडघे कुरकुरूं लागले असतील तर निदान नरसोबाच्या वाडीचा, असा आमच्या पिढींत सर्वसाधारण समज आहे. म्हणून वालीवसारख्या गांवीं राहणाऱ्या एका पेन्शनर मास्तरानें, त्याच्या कुटुंबानें आणि त्याच्या विधवा भावजयीनें अमेरिकेंतील लास व्हेगस ह्या जुगाराच्या शहरीं तीन दिवस घालविण्याचा बेत आंखला आहे, हें वाचून ह्या सदराचे नेहमींचे वाचक चष्मा पुसून तीच ओळ पुन्हा वाचतील, हें मी जाणून आहें.

माझा पुतण्या, म्हणजे वहिनींचा एकुलता मुलगा, बारा वर्षांपासून लॉस एंजेलिसनजीक नोकरीस आहे. येत्या दिवाळीनंतर त्यानें आम्हां तिघांस दोन महिने तिकडे बोलाविलें आहे. तिकडील मराठी घरांत आतां एक शिरस्ताच पडून गेला आहे. देशाहून आईवडील आले कीं त्यांस नायगारा दाखवावयाचा, आणि मुलगा कॅलिफोर्नियांत असेल तर मोटारींत घालून लास व्हेगसला न्यावयाचें. परत आलेलीं मंडळी नायगाऱ्याचें वर्णन ओटीवर बसून सर्वांदेखत करतात; लास व्हेगसचें मात्र हळू आवाजांत, माजघराकडे एक डोळा ठेवून करतात.

पुतण्यानें फोनवर हा बेत सांगितला तेव्हां आम्ही तिघें जेवून नुकतींच उठलों होतों. "काका, तीन दिवस, दोन रात्री. आणि प्रत्येक मोठ्या माणसाला खेळायला माझ्याकडून शंभर डॉलर. गेले तर गेले!" शेवटचें वाक्य त्यानें थट्टेनें म्हटलें, परंतु आमच्या घरांत तें थट्टेचें राहात नाहीं. आमच्या घरांत पत्त्यांचा जोड नाहीं. नातवंडें गुलामचोर खेळावयास शेजारीं जातात. हा नियम माझ्या आईनें घातला, आणि तो जयांच्यामुळें घातला ते माझे थोरले बंधू, ह्याच पुतण्याचे वडील.

दादा येथल्याच एका कारखान्याच्या कचेरींत हिशेबनीस होते. वालीवच्या माळावर गाळ्यांमागून गाळे उठत होते तो काळ. मुंबईंत पूर्वीं न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील उघडत्या आणि मिटत्या भावांवर लोक आंकडा लावीत. तो प्रकार बंद पडल्यावर १९६२ सालीं कल्याणजी भगत ह्यानें वरळीस मटका काढला, १९६४ सालीं रतन खत्री ह्यानें आपला निराळा काढला. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मागें राहिले. ते वसईच्या पूर्वेस पोंचावयास फार दिवस लागले नाहींत. दादांच्या सदऱ्याच्या खिशांत चिठ्ठ्या सांपडूं लागल्या. १९८७ सालीं वहिनींच्या पाटल्या गेल्या. त्या मोडून नव्या घडवावयास टाकल्या आहेत असें घरांत सांगण्यांत आलें. मला खरें काय तें ठाऊक होतें. पण वडील भावापुढें तोंड कसें उघडावें, ही सबब मला त्या वेळीं पुरेशी वाटली. दादा २००४ सालीं गेले. पाटल्यांचा विषय तोंवर आणि त्यानंतरहि कोणी काढला नाहीं.

तेव्हां पुतण्याचें बोलणें ऐकून माझ्यांतला मास्तर जागा झाला आणि मीं फोनवरच व्याख्यान आरंभिलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एक सबंध सूक्त जुगाऱ्याच्या विलापाचें आहे. त्याची बायको त्याला दूर लोटते, सासू त्याचा द्वेष करते. त्या काळचे फांसे म्हणजे बेहड्याचीं फळें, आपल्या त्रिफळाचूर्णांत पडतो तोच हा बेहडा. पुढें नळाचें राज्य गेलें, धर्मराजाचें गेलें. मी येथवर आलों होतों तोंच वहिनी म्हणाल्या, "भावजी, नळाचं राहूं द्या. मला तें शहर बघायचं आहे. माझ्या पाटल्या जिनं नेल्या ती वस्तू कशी असते, तें एकदां डोळ्यांनीं बघायचं आहे."

पलीकडे पुतण्या कांहीं क्षण बोललाच नाहीं. सौभाग्यवतीनें उगाच भांडीं आवरावयास घेतलीं. त्या दिवसापासून बेत आंखण्याचें काम मजकडे आलें.

आमच्या एका शेजाऱ्यांचें म्हणणें असें कीं, जुगारच पाहावयाचा तर सातासमुद्रांपलीकडे कशास जावें? पणजीस मांडवींत कॅसिनोच्या बोटी नांगरून उभ्या आहेतच. म्हणणें खरें आहे. इतकेंच नव्हे, तर आपल्या महाराष्ट्रानेंहि १९७६ सालीं कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधींच अंमलांत आला नाहीं आणि २०२३ सालीं रद्द झाला. पण वहिनींना मुलाबरोबर जावयाचें आहे, आणि मुलगा पणजीस नाहीं.

प्रथम नकाशा आणि फूटपट्टी घेऊन बसलों. लॉस एंजेलिस ते लास व्हेगस सुमारें २७० मैल. मोटारीनें चार-पांच तास, वाट मोहावी नांवाच्या वाळवंटांतून. पुतण्याच्या बेतांत ह्याच तीन दिवसांत ग्रँड कॅन्यनहि घातलेलें होतें. तिकडील मुलें असे बेत फार उत्साहानें करतात आणि आईबापांच्या कंबरेचा हिशेब त्यांत धरीत नाहींत. त्या महादरीची दक्षिण कड लास व्हेगसपासून सुमारें २८० मैलांवर आहे. जाऊन येऊन साडेपांचशें मैल, म्हणजे नऊ तास मोटारींत आणि दरीपाशीं जेमतेम दोन. मीं ती ओळ खोडली. ग्रँड कॅन्यनला निराळे तीन दिवस द्यावे, किंवा तें पाहूं नये. देवळाच्या कळसाला दुरून नमस्कार करावा तसें तें पाहाणें मला पसंत नाहीं.

दुसरा प्रश्न ऋतूचा. जून ते सप्टेंबर तेथें पारा पुष्कळदां चाळिसाच्या वर जातो. जुलै २०२४ मध्यें तो ४८.९ अंशांपर्यंत चढला होता. तेथें वर्षाकाठीं चार इंच पाऊस पडतो. आमच्या वसईंत आषाढांतला एखादा दिवस तेवढा पाडून मोकळा होतो. म्हणून नोव्हेंबराचा शेवटला पंधरवडा धरला. त्यांत त्यांचा थँक्सगिव्हिंगचा गुरुवार येतो, पुतण्याच्या मुलांस सुटी असते. पण गुरुवारापासून रविवारपर्यंत रस्ते तुंबतात आणि हॉटेलांचे दर चढतात. सोमवारीं निघून बुधवारीं परतावें असें ठरविलें. हॉटेलाच्या दरांत एक मेख असते तीहि सांगून ठेवतों. २०२५ सालापर्यंत जाहिरातींत दिसणारा खोलीचा दर निराळा असे, आणि 'रिसॉर्ट फी' म्हणून प्रत्येक रात्रीमागें घेत ती रक्कम निराळी असे. शिवाय गाडी उभी करण्याचे पैसे. बेरीज केल्यावांचून 'स्वस्त मिळालें' असें म्हणूं नये.

वहिनींना धुराचा त्रास होतो. तेथील बहुतेक कॅसिनोंत आजहि विड्या-सिगारेटी ओढूं देतात, आणि गंमत अशी कीं खोलींत जावयाची वाटच पुष्कळदां त्या दालनांतून काढलेली असते. २०२० सालापासून पार्क एमजीएम ह्या हॉटेलांत धूम्रपानास बंदी आहे. तेव्हां तेथें दोन खोल्या घ्यावयास सांगितलें. एकवीस वर्षांखालील कोणासहि खेळतां येत नाहीं, किंवा खेळाच्या जागीं रेंगाळतां येत नाहीं. पुतण्याच्या दोन्हीं मुलांस त्या दालनांतून चालत पुढें जातां येईल, थांबतां येणार नाहीं. त्यामुळें संध्याकाळीं मुलांपाशीं कोणी तरी एक मोठें माणूस लागणार. ती जबाबदारी सौभाग्यवतीनें आपण होऊन घेतली आहे. तिला जुगारांत रस नाहीं, नातवांच्या गप्पांत आहे.

आतां पाहावयाचें काय? पहिल्या संध्याकाळीं बेलाजिओ हॉटेलापुढील कारंजीं, तीं फुकट आहेत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं शहरापासून सतरा मैलांवरचे रेड रॉक कॅन्यनचे तांबडे डोंगर, आणि तेथून घरची वाट. दुसरा सबंध दिवस मात्र मीं हूवर धरणासाठीं ठेवला आहे, आणि ह्या बाबतींत कोणाचें ऐकावयाचें नाहीं असें ठरविलें आहे.

कारण ह्या शहराची कुळकथा त्या धरणापाशीं उलगडते. 'लास व्हेगस' ह्याचा स्पॅनिश भाषेंत अर्थ 'कुरणें'. वाळवंटांत झरे होते, म्हणून गवत होतें, म्हणून वाटसरू थांबत. पुढें आगगाडी आली आणि १९०५ सालच्या मे महिन्यांत जमिनीचा लिलाव होऊन गांव वसलें. १९३१ सालीं नेवाडा राज्यानें जुगार कायदेशीर केला, आणि त्याच वर्षीं तीस-पस्तीस मैलांवर कोलोरॅडो नदीवर हें ७२६ फूट उंच धरण बांधावयास सुरुवात झाली. मंदीचा काळ; कामासाठीं हजारों माणसें आलीं. त्यांच्यासाठीं सरकारनें बोल्डर सिटी नांवाचें गांव वसविलें आणि त्यांत जुगारास मनाई केली. ती मनाई तेथें आजतागायत आहे. सरकारचा हेतु चांगला होता; पण पगाराच्या दिवशीं मजूर लास व्हेगसची वाट धरीत. हें वाचतांना मला गाळ्यांचे पगार होत त्या दिवशींचा आमचा नाका आठवला.

धरणामागच्या मीड सरोवरांतून ह्या शहराचें नऊदशांश पाणी येतें. २०२२ सालीं तें सरोवर, १९३७ सालीं भरत आलें होतें त्यानंतर प्रथमच, इतकें खालीं गेलें. जें पाणी घरांतून मोरीवाटें जातें, तें जवळजवळ सर्व शुद्ध करून सरोवराकडे परत धाडतात, आणि शोभेची हिरवळ काढून टाकण्याचा कायदा २०२१ सालीं झाला आहे. दिव्यांचा एवढा झगमगाट करणारे लोक पाण्याचा थेंब मोजतात. भोंवतीं बावखलें आणि विहिरी असतांना टँकरची वाट पाहाणाऱ्या आम्हां वसईकरांस हें पाहावयास तिकीट काढून जाण्यासारखें आहे.

बेताचा कागद पुरा झाला त्या रात्रीं वहिनी समोर येऊन बसल्या व म्हणाल्या, "आतां तें चाक कसं चालतं तें सांगा."

मीं कॅलेंडरचें जुनें पान उलटें केलें. रूलेटच्या चाकावर अमेरिकेंत बहुधा ३८ घरें असतात. १ ते ३६ आंकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. एका आंकड्यावर डॉलर लावला आणि तो लागला, तर आपला डॉलर परत आणि वर ३५. समजा, अडतिसांच्या अडतीस घरांवर एकेक डॉलर ठेवला. ३८ गेले, ३६ आले, दोन अड्डेवाल्याचे. म्हणजे शेंकडा सव्वापांच. कौटिल्यानेंहि द्यूताध्यक्षास जिंकलेल्या पैशांतून शेंकडा पांचच घ्यावयास सांगितले आहेत, हें माझ्या तोंडांतून निघून गेलें; पण वहिनींचें लक्ष कौटिल्याकडे नव्हतें.

"आणि आपल्याकडचं?"

मटक्यांत आंकडे दहा, आणि एक आंकडा लागला तर एका रुपयाचे नऊ. दहांवर रुपया रुपया लावला तर नऊ परत येतात. शेंकडा दहा.

"म्हणजे दर दहांतला एक जायचा, हें आधींच ठरलेलं?"

"एखादे दिवशीं नाहीं. पण रोज लावीत गेलं तर ठरलेलंच."

त्यांनीं पान स्वतःकडे ओढून बेरीज पुन्हा तपासली. मग विचारलें, "तुम्हांला हें गणित तेव्हां येत होतं?"

मी त्या सालीं सातवीच्या वर्गास शेंकडेवारीच शिकवीत होतों. मीं "होय" म्हटलें. वहिनींनीं कागदाची घडी घातली, उठून गॅसवरचें दूध उतरविलें, आणि मला रोजच्याप्रमाणें अर्धा पेला आणून दिला.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यास मीं कळविलें कीं शंभर शंभर डॉलर नकोत. बेताच्या कागदावर मंगळवारीं संध्याकाळीं सात ते आठ हा तास मीं विश्रांतीसाठीं मोकळा सोडला होता. काल पाहातों तों त्यापुढें वहिनींच्या अक्षरांत लिहिलेलें आहे: 'खालीं जाऊन चाक पाहाणें. वीस डॉलर. भावजींनीं बरोबर यावें.' वीस डॉलरचे रुपये किती होतात हें त्यांनीं मला दोनदां विचारलें, आणि तेवढे रुपये आपल्या शिवणाच्या पैशांच्या डब्यांतून मोजून माझ्या हातीं दिले. ते बदलून आणण्यासाठीं मला उद्यां वसईस जावयाचें आहे.