पाण्याचेही पासबुक हवे

घरखर्चाची वही ही मराठी मध्यमवर्गीय घरातील एक जुनी आणि आदरणीय वस्तू. किराणा, दूध, वीज, मुलांची फी, दिवाळीची खरेदी आणि अडीअडचणीसाठी बाजूला टाकलेली रक्कम यांच्या नोंदी या वहीत पिढ्यान् पिढ्या होत आल्या. पाण्याला मात्र त्या वहीत स्वतंत्र पान क्वचितच मिळाले. पाणी ही हिशेबात धरण्याजोगी बाब आहे, असे कोणाला वाटतच नसे. बंगळूरच्या नव्या वसाहतींत राहणाऱ्या कुटुंबांना हे पान अलीकडे उघडावे लागले आहे, आणि तेही हौसेने नव्हे.

उन्हाळ्यातली पहाट असते. टँकर मागे घेतानाचा भोंगा साऱ्या इमारतीला जागे करतो. रखवालदार नळी ओढतो, सोसायटीचा सचिव डोळे चोळत खाली येतो आणि पाणी नक्की टाकीतच पडते आहे ना, हे पाहत उभा राहतो. जमिनीखालच्या या टाकीला बंगळूरमध्ये सर्रास ‘संप’ म्हणतात. मराठी माणसाला या शब्दाने हरताळ आठवतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत हा ‘संप’ अनेकदा मराठी अर्थानेच वागतो! वरच्या मजल्यावरची गृहिणी तोपर्यंत बादल्या भरून ठेवते, मुलांच्या आंघोळी लवकर उरकते. लातूरकडून मुलाकडे राहायला आलेल्या एखाद्या आजींना हा देखावा मुळीच नवा नसतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तो उन्हाळा त्यांनी पाहिलेला असतो. त्यांना नवल वाटते ते एवढेच, की संगणकाच्या या श्रीमंत नगरीतही पाण्याची वाट तशीच पाहावी लागते.

खरे तर बंगळूरला पाण्याची चिंता नवी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशेहून अधिक मीटर उंचीवर वसलेल्या या शहराजवळून बारमाही नदी वाहत नाही. म्हणूनच १५३७ साली केंपेगौडांनी वसवलेल्या या नगरीत तलावांना देवळांइतकेच महत्त्व आले. एक तलाव भरला की त्याचे पाणी खालच्या तलावात उतरावे, अशी ती साखळी होती. कन्नडमध्ये तलावाला ‘केरे’ म्हणतात. अरेकेरे, होसकेरेहळ्ळी अशा वस्त्यांच्या नावांतून ते तलाव आजही डोकावतात. पुढे शहर वाढले आणि तलावांवर इमारती उभ्या राहिल्या. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज केंपेगौडा बसस्थानक आहे, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा क्रीडांगण. रोजच्या गर्दीत बसमागे धावणाऱ्या माणसाला आपण एका तलावाच्या तळातून धावत आहोत, याची कल्पनाही नसते.

जवळचे पाणी संपले, की दूरचे आणायचे, हा या शहराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा परिपाठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टा, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी आणि १९७४ पासून थेट कावेरी! सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, टप्प्याटप्प्याने शेकडो मीटर वर चढवून हे पाणी शहरात आणले जाते. कावेरी योजनेचा पाचवा टप्पा १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला. २००७ साली शहराच्या हद्दीत आलेल्या ११० गावांसाठी दररोज ७७.५ कोटी लिटर पाणी आणण्याची ही योजना आहे. तिचे स्वागतच करायला हवे. तथापि कावेरीवर दोन राज्यांतील शेतकऱ्यांचाही हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात बंगळूरसाठी ४.७५ टीएमसी पाणी वाढवून दिले, तेही मोजूनमापून. नदी ही कितीही वेळा धनादेश लिहावा असे खाते नव्हे, हे त्या निकालावरून पुरेसे स्पष्ट होते.

२०२३ चा पावसाळा कर्नाटकात अपुरा गेला आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याचा हिशेब चुकता करण्याची पाळी आली. शहरातील हजारो कूपनलिका आटल्या. पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणे, बागेला पाणी घालणे यांवर बंदी आली आणि नियम मोडणाऱ्यास पाच हजार रुपयांचा दंड ठरला. जिल्हा प्रशासनाला टँकरचे दरही बांधून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला एक हजार रुपये आणि त्यापलीकडे बाराशे, असा तो दर होता.

या दराने एक साधे गणित मांडून पाहावे. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मान धरले, तर चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर लागतात. अशा चोवीस सदनिकांच्या इमारतीला रोज सुमारे तेरा हजार लिटर, म्हणजे एका मोठ्या टँकरहून थोडे जास्तच पाणी हवे. केवळ एक टँकर धरला, तरी महिन्याचे तीस हजार रुपये आणि प्रत्येक घराच्या वाट्याला साडेबाराशे रुपये येतात. हीच रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाकली, तर पाच वर्षांत व्याज सोडूनच पंचाहत्तर हजार रुपये साठतात. मुलीच्या शिक्षणाची किंवा वडिलांच्या औषधपाण्याची ती तरतूद ठरू शकते. टँकर रिकामा होऊन फाटकाबाहेर पडतो, तेव्हा त्याच्याबरोबर एका कुटुंबाची बचतही बाहेर जाते.

याहून अवघड प्रश्न न्यायाचा आहे. बहुतेक सोसायट्यांत पाण्याचा खर्च सदनिकांमध्ये सारखा वाटला जातो. निवृत्तीवेतनावर जगणारे वृद्ध दांपत्य रोज २७० लिटर वापरते आणि सहा माणसांचे घर ८१० लिटर. दोघांची आकारणी मात्र एकच! नळ बंद ठेवणाऱ्याला काटकसरीचे फळ मिळत नाही आणि उधळणाऱ्याला उधळपट्टीची किंमत कळत नाही. मग वार्षिक सभेत आवाज चढतात, ‘तुमची कामवाली नळ सोडून भांडी घासते’ इथवर मजल जाते आणि एका जिन्यावर राहणारी घरे महिनोन् महिने एकमेकांशी बोलेनाशी होतात. ज्या कामवालीवर ठपका येतो, ती स्वतः नाणे टाकून वीस लिटर पाणी देणाऱ्या केंद्रासमोर कॅन घेऊन रांगेत उभी राहून आलेली असते. पाण्याचा थेंबन् थेंब जपायचे शिक्षण या इमारतीत कोणाला मिळाले असेल, तर ते बहुधा तिलाच.

भूगर्भातील पाण्याची स्थिती तर आणखी विचित्र आहे. ते एका मोठ्या संयुक्त खात्यासारखे आहे. गल्लीतील प्रत्येकाजवळ धनादेश-पुस्तिका आहे. शिल्लक किती, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. एकाने तीनशे फुटांवर पाणी घेतले, की शेजारी सहाशे फूट खोल जातो. यांत जमा किती होते, याची विचारपूस कोणी करीत नाही. अशा खात्याचे पुढे काय होते, हे बँकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

पाणी पुरवणे हे शासनाचे काम आहे, नागरिक कर भरतात, मग हा उपद्व्याप त्यांनी का करावा, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. नळ प्रत्येक घरापर्यंत पोहोचवणे आणि गळती रोखणे, ही जबाबदारी यंत्रणेचीच आहे. पण छपरावर पडणारा पाऊस कोणत्याही यंत्रणेच्या वाहिनीतून येत नाही. तो थेट घरपोच होतो. बंगळूरमध्ये वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पडणाऱ्या नव्वद हजार लिटरपैकी वीस हजार वाया गेले असे धरले, तरी सत्तर हजार लिटर हाती राहतात. चौघांच्या कुटुंबाची चार महिन्यांहून अधिक काळाची ही बेगमी आहे. शिवाय येथील पाऊस एप्रिल-मेच्या वळिवापासून ऑक्टोबरपर्यंत हप्त्याहप्त्याने येतो. त्यामुळे लहान टाकीही वर्षातून अनेकदा भरते. २००९ सालच्या कायद्याने ठरावीक आकाराहून मोठ्या मालमत्तांना पावसाचे पाणी साठवणे बंधनकारक केले. जयनगरमध्ये त्याची प्रात्यक्षिके दाखवणारे उद्यानही आहे. तरीसुद्धा पाणीबिलावरचा दंड निमूटपणे भरून मोकळे होणारे कमी नाहीत. दंड भरल्याने टाकी भरत नाही, एवढे तरी लक्षात घ्यायला हवे.

बहुमजली इमारतींना हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तेथे एकाच छपराखाली अनेक कुटुंबे असतात. त्यांच्यासाठी पाणी जिरवणाऱ्या विहिरी आणि सांडपाण्याचा पुनर्वापर हे मार्ग आहेत. सिमेंटच्या कड्या बसवून वीस-तीस फूट खोल खणलेल्या अशा विहिरी बंगळूरमध्ये अनेक ठिकाणी दिसतात. त्या खणण्याची पिढीजात विद्या मण्णु वड्डर समाजाकडे आहे. महाराष्ट्रात ज्यांना वडार म्हणतात, त्यांचेच हे बांधव. कब्बन पार्कातील बुजलेल्या विहिरीही साफ करून पुन्हा जिवंत करण्यात आल्या. शहराने वापरून सोडलेले पाणी प्रक्रिया करून २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. जे पाणी शेजारच्या जिल्ह्याचे तलाव भरू शकते, ते इमारतीच्या बागेला आणि स्वच्छतागृहाला चालणार नाही, असे म्हणणे कठीण आहे.

या सर्वांच्या आधी मात्र हिशेब हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हेच केले. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि मगच कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे. एका दुष्काळी खेड्याला जे साधले, ते पदवीधरांनी भरलेल्या सोसायटीला न साधण्याचे कारण नाही. वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर पाण्याचा ताळेबंदही वाचला जावा. नळाचे किती आले, टँकरचे किती, पावसाचे किती जिरवले आणि दर सदनिकेमागे किती खर्ची पडले, एवढे चार आकडे पुरेत. शक्य तेथे प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर बसवावा. जुन्या इमारतींत स्वयंपाकघर आणि न्हाणीघरांना वेगवेगळ्या वाहिन्या असल्याने एका घरास तीन-चार मीटर लागतात आणि खर्च वाढतो, हे खरे. अशा ठिकाणी निदान माणसांच्या संख्येनुसार आकारणी सुरू करता येईल. ती काटेकोर नसेल, पण आजच्या आकारणीपेक्षा न्याय्य नक्कीच असेल.

घरातही हे काम जड नाही. मीटरचा आकडा दर रविवारी वहीत लिहिण्याचे काम एखाद्या शाळकरी मुलाकडे सोपवावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना घालण्याची आजींची जुनी सवय ‘जुनाट’ म्हणून मोडीत काढू नये. बंगळूरमधील अनेक मराठी घरांत गणपतीचे विसर्जन आता बादलीत होते आणि ते पाणी झाडांना घातले जाते. जे भान दीड दिवसाच्या पाहुण्यासाठी राखले जाते, ते वर्षभर राखणे अशक्य नाही.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीचे महत्त्व सांगण्यासाठी इतकी वापरली गेली आहे, की ती मुळात पाण्याची आहे याचाच विसर पडावा. बंगळूरचे कितीतरी तलाव बुजले. उरलेल्यांत आणि प्रत्येक इमारतीखालच्या जमिनीत थेंब जमा करणे अजूनही हाती आहे. घरखर्चाच्या वहीत पाण्याचे पान उघडलेच आहे, तर त्यात केवळ खर्चाची बाजू असू नये. जमेची बाजूही असावी.