आधी फडाच्या ट्रकला जागा द्या

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. चाकांवरच्या घरातून फिरणाऱ्या पर्यटकाला रात्रीच्या मुक्कामासाठी हक्काची जागा मिळावी, तिथे वीज, पाणी, संडास असावेत, सांडपाण्याची सोय असावी, हा त्या धोरणाचा गाभा. असे कॅराव्हॅन पार्क उभारणाऱ्यांना करात आणि शुल्कात सवलतीही देऊ केल्या. मी भोर तालुक्यातला माणूस आहे. हे धोरण कळल्यापासून मला एकच गोष्ट सतावते आहे. चाकांवर संसार मांडून गावोगाव फिरणारी माणसं सरकारला 2021 साली पहिल्यांदा दिसली काय? पिढ्यानपिढ्या तमाशाचे फड याच रस्त्यांनी जात-येत आहेत. त्यांच्या गाडीसाठी वीज, पाणी आणि संडास असलेली जागा कुठल्या धोरणात लिहिली आहे, ते मला कोणी दाखवावं.

चैत्र लागला की भोर-वेल्ह्यात रोज कुठल्या ना कुठल्या गावची जत्रा असते. कुठे भैरवनाथाची, कुठे जननीची, वेल्ह्यात मेंगाईची. तिकडे नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा कमिट्या तिथे जाऊन सुपारी देतात आणि ठरल्या दिवशी फड गावात हजर होतो. तो कसा येतो ते एकदा नीट बघा. एका ट्रकमध्ये बोर्डाच्या फळ्या, कनाती, लोखंडी खांब आणि दिवे. दुसऱ्यात कपड्यांच्या पेट्या, भांडीकुंडी, पिठाची पोती. माणसांसाठी एखादी जुनी बस किंवा जीप, आणि त्यात न मावलेले ट्रकच्या सामानावर. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात, लहान फडात तीस-चाळीस. रात्री खेळ करायचा, पहाटे बोर्ड मोडून ट्रक भरायचा, उजाडताना पाबे घाट नाहीतर आंबाडखिंड ओलांडायची आणि ऊन चढायच्या आत पुढच्या गावच्या माळावर खांब रोवायचे. सुपारीत हजेरी ठरली असेल तर झोपेचं नावच नको. रात्री नाचलेल्या बाईने दिवसाउजेडी पुन्हा चाळ बांधून उभं राहायचं.

दुपारी ही माणसं ट्रकच्या सावलीत अंथरूण टाकून पडलेली असतात. एप्रिल-मेचं ऊन, तापलेला पत्रा, धूळ. आमच्या दोन तालुक्यांत भाटघर आहे, नीरा-देवघर आहे, गुंजवणी, पानशेत, वरसगाव आहे, आणि तरी उन्हाळ्यात आमच्या कित्येक वाड्या टँकरची वाट बघतात. तिथे पाहुण्या फडाला पाणी कोण देणार? बाया कळशी घेऊन दारोदार फिरतात. काही घरं देतात, काही दार लावून घेतात. आंघोळ कनातीच्या आडोशाला, तीही पाणी मिळालं तर. आणि संडास? उघड्या माळावर अंधार पडायची वाट बघायची. अंधार पडतो तेव्हा तोंडाला रंग लावायची वेळ झालेली असते. पाळी आलेली पोरगी, सहा महिन्यांची पोटुशी, अंगावर पाजणारी आई, सगळ्यांना हाच नियम. म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचं, ही या धंद्यातल्या बायकांची सवय झाली आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या जत्रेत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि यात्रा कमिटीला विचारल्यावर मला मिळालेलं उत्तर होतं, ‘त्यांना सवय असते.’

सवय असते! 2018 साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. घर मोजून, संडास मोजून झालं ते. फडातली बाई कुठल्याच गावच्या यादीत बसत नाही. आज या गावात, उद्या त्या गावात, आणि जिथे असेल तिथे ती परकी. तिला मोजलं नाही म्हणून तिला जागा नाही, आणि जागा नाही तरी गाव मुक्त.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट या राज्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहायला निघाल्या. भाषणांत ही गोष्ट कलेवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात, लोक टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांची चीड येते. विठाबाईंची निष्ठा मोठी होतीच. पण दिवस भरलेल्या बाईला कनातीमागच्या मातीत बाळंत व्हावं लागलं, ही तिला बोलावणाऱ्या गावाची, तिचा खेळ बघणाऱ्या हजारोंची आणि या राज्याची शरम आहे. राष्ट्रपतींच्या हातून दोनदा गौरव झालेली ही कलावंत 2002 साली गेली. तिच्या नावाने सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. तिच्या लेकी-नातींच्या वयाच्या बायका आजही त्याच कनातीमागे कपडे बदलतात. पुरस्काराची शाल पांघरून संडासाला जाता येत नाही.

आता भाड्याच्या कॅराव्हॅनकडे येतो. हंपीच्या उत्सवाला, कोल्हापूरच्या मैफलींना, गोव्याच्या महोत्सवांना निघालेली शहरातली कुटुंबं आणि मित्रमंडळी ही गाडी भाड्याने घेतात. आत बिछाने, छोटा ओटा, फ्रीज, फवारा, संडास, गाडी थंड ठेवायची सोय. एका दिवसाचं भाडं पाच आकड्यांत जातं. महामार्गावरून चेलाडीला नाहीतर कापूरहोळला आत वळायचं आणि धरणाच्या पाण्याकाठी रात्र काढायची. त्यांनी फिरावं. गाणं ऐकायला दोनशे-चारशे किलोमीटर जाणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. गाण्यासाठी वाट तुडवणं ही चांगलीच गोष्ट आहे.

पण हे रसिक आमच्या भागात येऊन काय करतात? त्यांना इथली हवा हवी, पाणी हवं, मागे राजगड-तोरण्याची रेघ हवी. शेजारच्या गावात त्याच रात्री ढोलकी कडाडत असते, गण-गौळण उभी राहिलेली असते, आणि गाडीचे पडदे लावलेले असतात. काठावरच्या माळरानांवर हल्ली तंबूवाल्यांच्या गाण्याबजावण्याच्या रात्री होतात. त्यात मावळातला एक शाहीर नसतो, एक गोंधळी नसतो. शहरातून आणलेलं गाणं शहरातल्याच माणसांना ऐकवायचं, मध्ये आमचं धरण फक्त पडद्यासारखं लावायचं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा कायदा सगळ्यांना सारखा. जत्रेतल्या तमाशाला तो घड्याळ लावून लागू होतो, पोलीस येतात आणि वग अर्ध्यावर मोडतो. पाण्याकाठी दणदणाट मध्यरात्रीपर्यंत चालतो, आणि तिथे कोणी फिरकत नाही. रात्रभर चालणारी कला दहाच्या आत कोंबून आपण तिचा जीव काढला, आणि काठावरच्या दणदणाटाला मोकळीक दिली. हा पक्षपात आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणि त्या गाडीच्या पोटातली मैल्याची टाकी! ती कुठे रिकामी होते, हे भाड्याने गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावं. टाकी उपसायची नीट सोय नसेल तर ती ओढ्यात जाते, नाहीतर थेट काठावर. पानशेत आणि वरसगावचं पाणी खडकवासल्याला उतरतं आणि तिथून पुण्याच्या नळाला जातं. जे इथे सोडाल, तेच घरी जाऊन प्याल. आमच्या काठावरच्या वाड्या तर ते आधीच पितात.

बघणाऱ्याची सोय आधी, हा प्रकार जुनाच आहे. दादा कोंडके मूळचे आमच्या भोर तालुक्यातल्या इंगवलीचे. 1965 साली वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांनी रंगभूमीवर आणलं, आणि ज्या पांढरपेशा प्रेक्षकाने तमाशाच्या तंबूकडे कधी मान वळवली नव्हती, तो नाट्यगृहात रांगा लावून बसला. गण तोच, बतावणी तीच, वग तोच, सोंगाड्याची जीभ तीच. फरक एवढाच की प्रेक्षकाला छप्पर मिळालं, पंखा मिळाला, आकड्याची खुर्ची मिळाली. ‘विच्छा’ मोठंच काम होतं, त्याने लोकनाट्याला मान दिला. पण आपल्याकडे कलेसाठी जी सोय होते ती बघणाऱ्याची होते, हे तेव्हापासून चालत आलंय. कॅराव्हॅन धोरण त्याच सवयीचं पुढचं पाऊल आहे: बघणाऱ्याला आता खुर्चीबरोबर बिछाना आणि संडासही चाकांवर.

कोणी म्हणेल, फडांना अनुदानाची योजना आहे. आहे. त्यातून फडमालक मागच्या हंगामाचं कर्ज आणि सावकाराचं व्याज भागवतो, कलावंतांना उचल देतो. माळावर पाण्याचा नळ त्यातून कसा येईल? माळ गावाचा आहे, नळ गावानेच द्यायला हवा.

म्हणून आमच्या गावांनाही मी सोडणार नाही. जत्रेची वर्गणी आता लाखांत जमते. मुंबईकर मंडळी पाठवतात, माथाडीत घाम गाळून पाठवतात. त्या पैशातून चौकभर फ्लेक्स लागतात, छातीत धडधड बसवणारा डीजे येतो, कुस्त्यांना इनामं लागतात, पुढाऱ्यांना फेटे बांधले जातात. सहा संडास बांधायचं म्हटलं की निधी नसतो. तमाशाला सुपारी देताना हजार-दोन हजारांवरून घासाघीस करणारी हीच कमिटी डीजेवाल्याला मागेल ते मोजते. आणि वर म्हणते, तमाशा आता पूर्वीचा राहिला नाही!

सोय करता येत नाही, हे मला सांगू नका. आमच्या हद्दीला लागून वाई तालुक्यात मांढरदेवीची काळूबाई आहे, भोरवरून तिकडे लाखो माणसं जातात. 25 जानेवारी 2005 ला तिथे चेंगराचेंगरीत जवळपास 300 भाविक गेले. त्यानंतर दर पौष पौर्णिमेच्या आधी प्रशासनाच्या बैठका होतात, पाण्याचं, रांगांचं, डॉक्टरांचं, वाहनतळाचं नियोजन होतं. इतकी माणसं मेल्यावर जत्रेची व्यवस्था लागली. फडातल्या बायका एका दिवसात, एका ठिकाणी मरत नाहीत. मूत्रपिंडाच्या आजाराने, अंगावर काढलेल्या दुखण्याने एकेक करून खंगतात, म्हणून त्यांच्यासाठी बैठक होत नाही.

माझी मागणी अवघड नाही. भोर आणि राजगड, म्हणजे आपलं वेल्हं, या दोन्ही तालुक्यांत जिथे जत्रेला फड येतो, त्या मोठ्या गावांच्या माळावर कायमचा फडतळ बांधा. बायकांसाठी आतून कडी असलेले संडास आणि न्हाणीघरं, पाच हजार लिटरची टाकी, विजेचं मीटर, कपडे बदलायला एक पक्की खोली, दिवसा झोपायला पत्र्याची का होईना पण हवेशीर शेड, मैला उपसायला बंदिस्त खड्डा. कॅराव्हॅनला जे जे लागतं तेच हे सगळं आहे. जत्रेच्या हंगामात तिथे फडाचा पहिला हक्क, एक पैसा न घेता. उरलेले महिने ती जागा कॅराव्हॅनवाल्यांना भाड्याने द्या, चांगलं घसघशीत भाडं घ्या आणि त्यातून डागडुजी करा. पर्यटन खात्याने कॅराव्हॅन पार्कला ज्या सवलती देऊ केल्या, त्या ग्रामपंचायतीच्या फडतळालाही द्याव्यात.

आणि कॅराव्हॅनमधून येणाऱ्यांनो, तुम्ही कलेसाठी घर सोडून निघता, म्हणून तुमच्याशीही हक्काने बोलतो. पाण्याकाठी गाडी लावू नका. गावात या, ग्रामपंचायतीला विचारून माळावर लावा, भाडं द्या. रात्री सतरंजीवर बसून वग संपेपर्यंत बघा. टाकी वाटेत रिकामी करू नका.

येत्या चैत्रात आमच्या गावची कमिटी सुपारी द्यायला नारायणगावला निघेल. त्याआधी माळावर फडातल्या बायकांसाठी पाणी आणि संडास दिसला नाही, तर मी वर्गणी देणार नाही. भोर-वेल्ह्याच्या आणि मुंबईतल्या प्रत्येक वर्गणीदाराला माझं सांगणं आहे, तुम्हीही देऊ नका.