रिडिंग सुधारलं, पेशंटचं काय?

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द हल्ली ग्रीन टीच्या पाकिटापासून फेसक्रीमपर्यंत सगळीकडे चिकटलेला दिसतो. 'स्मरणशक्तीसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर तर तो हमखास असतो. घरात आजोबा विसरायला लागले, की कोणीतरी सुचवतंच, "द्या ना, व्हिटॅमिनच तर आहे, नुकसान काय?" भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हा प्रश्न आपल्या प्रत्येक विंगमधल्या कोणाच्या ना कोणाच्या घरी आहे. आणि इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांनी तरी तो नीट तपासून घ्यावा, असं माझं मत आहे.

आधी थोडी थिअरी. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण ऑक्सिजन तो खातो जवळजवळ २० टक्के! एवढा ऑक्सिजन वापरायचा तर फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी रेणू तयार होणारच. त्यांना आवरायला शरीराकडे ग्लुटाथायोन, काही एन्झाइम, क आणि ई जीवनसत्त्व अशी फौज असते. उपद्रव जास्त आणि फौज कमी पडली, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. लोखंडाला गंज चढतो तसं इथे पेशींमधल्या चरबीला काहीतरी चढतं, आणि मेंदूत चरबी भरपूर. या 'गंजाचा' चुरा, म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड, आयसोप्रोस्टेन वगैरे, रक्तात मोजता येतो. हेच ते मार्कर.

अल्झायमरच्या रुग्णांत ते वाढतात का? २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. रुग्णांच्या रक्तात चरबीच्या गंजाचे मार्कर सरासरीने जास्त आणि अ, क, ई जीवनसत्त्वं कमी निघाली. इथपर्यंत जाहिरातवाले खूश!

पण 'सरासरी' या शब्दाशी आपली चांगली ओळख आहे. वर्गाची सरासरी ६० म्हणजे तुमचे ६० नव्हेत. रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका माणसाचं रिडिंग बघून निदान करता येत नाही. त्यात सिगारेट ओढली तरी मार्कर वाढतो, डायबेटिस असला तरी वाढतो. मॅलॉनडायअल्डिहाइडची जुनी टेस्ट म्हणजे गुलाबी रंग आणायचा आणि ५३२ नॅनोमीटरला रिडिंग घ्यायचं. तो रंग रक्तातले इतर पदार्थही आणतात. रक्त नीट गोठवून ठेवलं नाही तर आयसोप्रोस्टेन नळीतच तयार होतात. २००० साली 'अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी' या एकाच जर्नलमध्ये एका गटाने लिहिलं की रुग्णांत आयसोप्रोस्टेन वाढतात, २००२ साली दुसऱ्याने लिहिलं की फरकच नाही. सिग्नल आहे, पण नॉइज केवढा!

आता मुख्य मुद्दा. समजा मार्कर खरा आहे. मग तो खाली आणला की आजार थांबेल? २०१२ साली अमेरिकेत एका चाचणीत रुग्णांना १६ आठवडे ई, क आणि लिपोइक अ‍ॅसिड दिलं. पाठीच्या कण्यातल्या द्रवातला आयसोप्रोस्टेन सरासरी १९ टक्क्यांनी उतरला. आजाराशी जोडलेली अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं मात्र होती तिथेच, आणि रुग्णांचे स्मरण-चाचणीतले गुण उलट जास्त वेगाने घसरले. म्हणजे रिडिंग सुधारलं, पेशंट नाही! ताप आला म्हणून थर्मामीटर माठात बुडवण्यातला प्रकार.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९७ आणि २०१४ सालच्या चाचण्यांत ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने रुग्णांची रोजची कामं करण्याची क्षमता थोडी सावकाश घसरली. पण आजार टाळण्यासाठी साडेसात हजार पुरुषांवर केलेल्या प्रयोगात (निकाल २०१७) काहीच फायदा दिसला नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हाच मोठा डोस रक्तस्राव वाढवू शकतो. तेव्हा 'नुकसान काय' याचं उत्तर 'काहीच नाही' असं नाही. तो डोस ठरवायचा डॉक्टरांनी, मेडिकलच्या काउंटरवर नव्हे.

मग रक्तचाचण्या फोल आहेत का? अजिबात नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अल्झायमरसाठी पहिली रक्तचाचणी मान्य केली. पण ती मोजते टाऊ आणि अमायलॉइड, म्हणजे आजाराच्या स्वतःच्या खुणा. आणि तीसुद्धा लक्षणं असलेल्यांसाठी, डॉक्टरांच्या तपासणीच्या जोडीला.

तेव्हा सुट्टीत घरी गेल्यावर आजी तेच तेच विचारत असेल, तर महागडं 'अँटिऑक्सिडंट पॅकेज' सुचवू नका. तिला डॉक्टरांकडे न्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. बाटलीवर घालवलेले सहा महिने हा खरा तोटा. आणि हो, सेन्सर काय मोजतो हे विचारल्याशिवाय रिडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, हे आपण व्हायवापुरतंच शिकलो नाही ना!