विमानाचा तास आणि धाराशिवची रात्र

दोन शहरांमधले अंतर विमानाच्या वेळात सांगण्याची पद्धत हल्ली पडली आहे. नकाशावर सरळ रेघ ओढली, तर धाराशिव ते मुंबई सुमारे ३५० किलोमीटर भरते. म्हणजे विमानाला जेमतेम तासाभराचे काम. हिशेब बिनचूक आहे, विमान तेवढे नाही! धाराशिवला धावपट्टी आहे. २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती आणि यवतमाळच्या धावपट्ट्यांबरोबर ती खाजगी कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यात आली. त्यानंतरही सामान्य माणसाने तिकीट काढून बसावे अशी नियमित सेवा तिथून सुरू झाली नाही. गावात विचाराल, तर मुंबई एका रात्रीवर आहे. लातूरची गाडी रात्री मुंबई सोडते आणि पहाटे धाराशिवला उतरवते.

ही रात्रसुद्धा सहजी मिळालेली नाही. १९११ मध्ये बार्शी लाईटची अरुंद रूळवाट लातूरपर्यंत पोचली ती येडशीवरून. जिल्ह्याचे ठाणे बाजूलाच राहिले. या शतकाच्या पहिल्या दशकात रुंदीकरण झाले, तेव्हा मार्गाला वळण देऊन तो शहरापर्यंत आणला गेला. वळणाने लोहमार्गाची लांबी वाढली आणि शहर मात्र जवळ आले. किलोमीटर मोजणाऱ्यांनी या विसंगतीवर थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

तथापि धाराशिवकरांच्या नित्य गरजेचे शहर मुंबई नव्हे, सोलापूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली, तेव्हा जखमींना घेऊन वाहने धावली ती सोलापूरच्या रुग्णालयांकडे. आजही दुखणे हाताबाहेर गेले की तोच रस्ता धरावा लागतो. सोलापूर धाराशिवच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, सडकेने सत्तरेक किलोमीटरवर आहे. आगगाडीने जायचे, तर आधी पश्चिमेला कुर्डुवाडी गाठायची आणि तिथून उलट आग्नेयेकडे वळायचे. अंतर दुपटीहून अधिक! तुळजापूरमार्गे सोलापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा लोहमार्ग व्हावा म्हणून ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापुरात पायाभरणी झाली. २०२५ सरले, तरी त्यावरून प्रवासी गाडी धावली नव्हती.

अशा स्थितीत विमानतळाची मागणी आधी करावी, हे आम्हांस पटत नाही. मागणीमागची भावना आम्ही ओळखतो. निजामाच्या राज्यात राजधानी हैदराबाद, मग मुंबई, उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेस. या जिल्ह्याचे प्रत्येक महत्त्वाचे काम दुसऱ्या कुणाच्या तरी गावी असते. पण २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला आणि मुंबईला प्रवासी विमाने सुटू लागली आहेत. ज्याला विमान परवडते, त्याचा प्रश्न सत्तर किलोमीटरच्या सडकेने सुटतो. ज्याला परवडत नाही, त्याचे अडते ते नेमके याच सत्तर किलोमीटरांत.

आश्विनी पौर्णिमेला सोलापूर ते तुळजापूर ही सुमारे ४५ किलोमीटरची वाट असंख्य भाविक पायी चालतात, आपखुशीने. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा उलट दिशेने जाणाऱ्याला सकाळी नेणारी आणि संध्याकाळी घरी पोचवणारी गाडी हवी आहे. आमच्या मते जिल्ह्याने आधी तिचे वेळापत्रक मागावे.